कडेकडेचा चिंकारा

फोटो काढताना सूर्य पाठीशी असावा, हा नियम आमच्या घराण्यात मुंजी-लग्नांपासून चालत आलाय. तोंडावर ऊन आल्यामुळे आमच्या अल्बममधली झाडून सगळी माणसं डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभी आहेत. चिडलेली दिसतात, पण ओळखू येतात. मी मात्र कॅमेरा सूर्याकडे रोखून हरणांचे फोटो काढतो, म्हणून घरात माझ्याकडे जरा काळजीनंच बघतात.

रिम लाइट म्हणतात त्याला. ऊन प्राण्याच्या मागून आलं की त्याच्या कडेचे केस पेटतात आणि बाकीचा प्राणी सावलीत राहतो. यासाठी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य फार सोयीचं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचा गवताळ माळ, त्यात चिंकारे. ताडोब्यात झाडीतून ऊन खाली पोचेपर्यंत त्याचा पिवळेपणा संपलेला असतो. इथे सूर्य उगवला की थेट गवतावर. अडचण एवढीच, की आपल्याकडे सूर्याला फार घाई. उत्तर युरोपात तो तिरका तिरका रेंगाळत चढतो म्हणे. सुप्यात तासाभरात 12 ते 14 अंश वर. थर्मासमधला चहा ओतून घेईपर्यंत सोन्याचं पितळ झालेलं असतं.

बरोबरच्या वाटाड्याला माझी दया येते. ‘‘सर, उन्हाकडं तोंड करून काय दिसनार? गाडी फिरवून घिऊ का?’’ मी नको म्हणतो. पलीकडच्या गाडीतली मंडळी सूर्य पाठीशी घेऊन धडाधड फोटो काढत असतात आणि मधूनच, ‘बिचाऱ्यांना चुकीच्या बाजूला उभं केलंय’ अशा नजरेनं आमच्याकडे बघतात.

पण चिंकाऱ्याचं सहकार्य मिळणं हा वेगळाच विषय. कड उठून दिसायला त्याच्या मागे काहीतरी काळोखी हवं – सावलीतला उतार, बाभळीची गर्दी. चिंकाऱ्याला आवडतो टेकाडाचा माथा. मागे लख्ख आकाश, त्यात सोनेरी कड विरघळून जाते. शिवाय याचे केस आखूड, त्यामुळे रेघ निघते ती दोऱ्याएवढी. अस्वलाला किंवा वानराला जाड झगमगीत किनार मिळते, हिवाळ्यातला लांडगाही या बाबतीत श्रीमंत. चिंकाऱ्याची भरपाई कानांत आहे. मागून ऊन आलं की ते पातळ कान लालभडक होतात आणि आतल्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसतात.

मग कॅमेऱ्याशी भांडण. त्याच्या मीटरची समजूत अशी, की जग सरासरीनं करडं असतं. समोर एवढा काळोख दिसला की तो घाबरून उजेड वाढवतो आणि कड जळून पांढरीफटक होते. म्हणून एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप मुद्दाम खाली आणायचं. कड वाचते, प्राणी काळोखात जातो, आणि खरी कसोटी इथेच लागते. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या 16384 पायऱ्या. पैकी निम्म्या, म्हणजे 8192, सगळ्यात उजळ स्टॉपलाच जातात, पुढच्याला त्याच्या निम्म्या, त्याच्या पुढच्याला आणखी निम्म्या. पहिल्या पंगतीनं अर्धी जिलबी उडवावी आणि शेवटच्या पंगतीला नुसता पाक उरावा, तशी सावल्यांची गत. तिथून तपशील उपसायला गेलं की चिंकाऱ्याच्या पोटाबरोबर रंगीबेरंगी कणही वर येतात.

तरी डोळा दिसायलाच हवा, असं माझं मत आहे. सगळं ठार काळं करून मोकळे होणाऱ्यांचं मला पटत नाही. तिथे जिवंत हरीण होतं की पुठ्ठ्यातून कापलेलं, हे कळायला मार्ग नसतो. आणि सगळी सावली उचलणाऱ्यांचं तर मुळीच पटत नाही. सूर्य मागे असताना पोटाखाली ट्यूबलाइट कुणी लावली?

हे सगळं सांभाळून केलेला फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मामांनी विचारलं, ‘‘लाइट गेले होते का रे?’’ हे तेच मामा, जे ‘कागज के फूल’मधल्या स्टुडिओतल्या उन्हाच्या झोतावर आणि व्ही. के. मूर्तींनी तो आरशांनी कसा पाडला यावर तासभर बोलतात! काकूंनी ‘‘छान आहे रेडा’’ असं लिहिलं. बायको मोबाइल डोळ्यांजवळ नेत म्हणाली, ‘‘अहो, यात चष्म्याचा दोष नाही ना?’’

मोठी प्रिंट काढायला दिली, तर दुकानातल्या पोरानं मायेपोटी फोटो ‘करेक्ट’ करून दिला. चिंकारा करडा, गवत पोपटी, कड गायब. ‘‘काका, फार डार्क होता. एक्स्ट्रा चार्ज नाही घेतला.’’

परवा संध्याकाळी गच्चीत सूर्याकडे पाठ करून उभा होतो, तेव्हा बायकोनं मोबाइलवर माझाच फोटो काढला. टकलावर रिम लाइट नावालाही नाही. कानांवरचे केस मात्र एकेक पेटलेले, आणि एरवी सगळ्यांच्या आधी फोटोत शिरणारं पोट सावलीत साफ गडप. मी खूश होऊन म्हटलं, ‘‘हाच टाक ग्रुपवर.’’

ती म्हणाली, ‘‘थांबा, जरा ब्राइट करते.’’