उणे दोन बुद्धी

एल्फ निवडलात तर तुम्ही हळवे. दाढीवाला ड्वार्फ निवडलात तर हट्टी, पण मित्रासाठी जीव टाकणारे. ऑर्क निवडलात तर मनात राग साठलेला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांचा स्वभाव त्यांनी निवडलेल्या वंशावरून सांगणाऱ्या चाचण्यांना तोटा नाही. राशिभविष्याला हसणारी मुलं त्या मन लावून सोडवतात.

खेळणाऱ्याचा स्वभाव सगळे तपासतात. नियमपुस्तकाचा कोण तपासणार?

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती जमलेले मित्र, एवढंच भांडवल. १९७८च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात एक तक्ता छापला होता : कुठल्या वंशाला कुठला वंश आवडतो, कोण कुणाला नुसतं सहन करतं आणि कोण कुणाचा द्वेष करतं. खेळ सुरू व्हायच्या आधीच वैर वाटून झालेलं.

त्याच पुस्तकात पुढे मर्यादांचा तक्ता. माणूस कितीही वर चढू शकतो, बाकीच्यांना बहुतेक पेशांत छप्पर. अर्ध-ऑर्क पुजारी झाला तर चौथ्या लेव्हलपर्यंतच. पोथ्या वाचून जादू शिकायची तर त्याला दारच बंद.

जन्मावरून पुजाऱ्याची पायरी ठरणार. जन्मावरून पोथी बंद. मराठी वाचकाला हे आणखी समजावून सांगायला हवं?

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं छप्पर काढलं, ते बरंच केलं. पण अर्ध-ऑर्कच्या वाट्याला काय आलं? ताकद अधिक दोन, बुद्धी उणे दोन, प्रभाव उणे दोन. फासे पडण्याआधी, पात्राला नाव मिळण्याआधी, बापाच्या रक्तावरून वजाबाकी.

'अहो, खेळ आहे तो!' हे उत्तर मी फार ऐकलंय. ड्रॅगन कल्पनेतला, आगीचा गोळा कल्पनेतला, कबूल. पण सगळंच कल्पनेतून काढायचं होतं, तर रक्तात बुद्धी मोजण्याची कल्पना तेवढी जुन्या जगातून जशीच्या तशी का उचलली?

कारण ती आधीपासून घरात होती. ऑर्क या खेळात आले ते कादंबरीकार टोल्कीनकडून. आपले ऑर्क कसे दिसतात हे १९५८च्या एका पत्रात सांगताना त्याला उपमा सुचली ती मंगोल चेहऱ्यांची, तीही युरोपीय डोळ्यांना कुरूप वाटणाऱ्या. आणि हाच टोल्कीन १९३८ साली, जर्मन प्रकाशकानं 'तुम्ही आर्य आहात का?' असं विचारल्यावर, उत्तराच्या मसुद्यात त्याचा खरपूस समाचार घेतो. आर्य हा शब्द मुळात भारत-इराणकडचा, हे त्याला ठणकावून सांगतो. दोन्ही पत्रं एकाच माणसाची. पूर्वग्रह फक्त वाईट माणसांच्या घरी मुक्काम करत असता, तर काम किती सोपं होतं!

आता एक प्रयोग करा. पुण्यात किंवा ठाण्यात हा खेळ खेळणारी मुलं एकमेकांना 'तुझी रेस कुठली?' असं सहज विचारतात. त्यांना तोच प्रश्न मराठीत विचारायला सांगा. आंब्याला, गाईला, भाताला आपण जो शब्द बिनदिक्कत वापरतो, तोच वापरायला सांगा.

'तुझी जात कुठली?'

टेबलावर शांतता पसरेल. प्रश्न तोच आहे, फक्त आता ऐकू आला.

मग निवडीवरून स्वभाव कळतो की नाही? फारसा नाही, असं माझं मत. 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकावरचा खेळ पूर्ण होण्याआधी, २०२० साली, लोकांना खेळायला दिला गेला. शिंगं, शेपट्या, सैतानी डोळे, सगळी चैन होती. कंपनीनं आकडे पाहिले तर सर्वाधिक पसंतीच्या गोष्टी एकत्र करून तयार झाला एक नेहमीचा, गोरा, नीटनेटका पुरुष. कंपनीनं खेळाडूंकडे जाहीर तक्रारच केली. कल्पनेला मोकळं रान दिलं, आणि ती आरशासमोर जाऊन उभी राहिली.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळाची गोष्ट याहून बोलकी. २००४ साली तिथे दोन गट होते, अलायन्स आणि होर्ड. होर्डकडे ऑर्क, ट्रोल, बैलाच्या तोंडाचे टॉरेन आणि मेलेले. ट्रोल बोलणार जमैकन ढंगात, टॉरेनच्या वस्तीत अमेरिकेतल्या मूलनिवासींचे तंबू आणि टोटेम खांब. २००७ साली होर्डला गोरेगोमटे ब्लड एल्फ मिळाले आणि त्यांच्यावर उड्या पडल्या. शत्रूची बाजू घ्यायला लोक तयार होते, शत्रूचा चेहरा घ्यायला नव्हते.

या दोन गटांना एकमेकांची भाषाही कळू नये, अशी सोय खेळातच होती. पलीकडच्यानं टाइप केलेलं अलीकडे गिचमिड होऊन दिसायचं. आणि हो, लोक खरोखर भांडले, वर्षानुवर्षं. नवल काय? हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे गट पाडले. कारण सांगितलं, तुम्हाला क्लेची चित्रं आवडतात आणि त्यांना कँडिन्स्कीची. खरं तर वाटणी वाटेल तशी केलेली. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. दुसऱ्या गटाला कमी मिळावं म्हणून आपल्या गटाचा थोडा तोटाही सोसला. ताजफेल हा पोलंडचा ज्यू. त्याचे घरचे नाझींनी मारले होते. असला प्रयोग त्याला का सुचला, हे वेगळं विचारायला नको.

आणि तो लाडका अपवाद! ड्राउ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधले पाताळात राहणारे, काळ्या कातडीचे, दुष्ट एल्फ. १९८८ साली आर. ए. साल्वातोरेनं एक चांगला ड्राउ लिहिला, ड्रिझ्ट नावाचा. तेव्हापासून जो तो चांगला ड्राउ घ्यायला निघाला. सगळी जमात वाईट, आपला तेवढा वेगळा. 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो,' ही शाबासकी मुलाखतीत, भाड्याचं घर बघताना किती जणांनी ऐकली असेल! देणाऱ्याला ती कौतुक वाटते.

शोधायचंच असेल, तर उलटं शोधा. आपण पात्राला घडवतो, तसं पात्र आपल्याला काय करतं? निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली स्टॅनफर्डमधले प्रयोग प्रसिद्ध केले. संगणकातल्या जगात कुणाला उंच अवतार दिला, कुणाला बुटका. निवड नव्हती, जे मिळालं ते मिळालं. पैशांची वाटणी करताना उंच अवतारवाले ताणून धरायचे. बुटके अवतारवाले अन्यायाची वाटणीही जास्त वेळा मान्य करायचे.

थोडा वेळ उसनं घेतलेलं शरीर, आणि माणूस एवढा वाकतो. जन्मभर ज्यांना 'उणे दोन' सांगितलं गेलं, त्यांचं काय?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मालक जागे झाले, हे नोंदवायला हवं. २०२० साली त्यांनी ऑर्क आणि ड्राउ यांच्या चित्रणात चूक झाल्याचं मान्य केलं. २०२४च्या पुस्तकातून 'रेस' हा शब्द गेला, 'स्पीशीज' आला. अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क मात्र त्या पुस्तकातून गळाले. मिश्र रक्ताच्या पोरांचं काय करायचं, हा प्रश्न पोरांनाच वगळून सुटला.

वाढीव गुण आता वंशावर मिळत नाहीत. ते पात्राच्या पूर्वायुष्यावर, बरेचदा कामधंद्यावर मिळतात. पात्र शेतकरी होतं? मग ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतून वाढवा. लेखनिक होतं? चपळाई, शहाणपण आणि बुद्धी.

शेतकऱ्याच्या यादीत बुद्धी नाही. उमरावाच्या यादीत आहे.