आकाशाचे कारकून
पूर्वी पुण्यातला मनुष्य गच्चीवर जाई तो पापड राखायला, पतंग उडवायला किंवा घरातल्या वादातून सन्मानाने माघार घ्यायला; परंतु अलीकडे खांद्यावर तिपाई, गळ्यात कॅमेरा आणि मुद्रेवर समाधिस्थाची विरक्ती धारण करून तिन्हीसांजेला जिना चढणारा जो एक नवा पंथ उदयास आला आहे, त्याचे लक्ष्य याहून बरेच उंच, म्हणजे नेमके सांगायचे तर सुमारे ४०० किलोमीटर उंच असते.

आमचे शेजारी या पंथाचे निष्ठावंत वारकरी. १९९८ साली ज्याचा पहिला खण वर चढवला गेला ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा उरकते, आणि आपली गच्ची अंधारात बुडालेली असताना स्वतः मात्र उन्हात न्हात फार तर सहा मिनिटे डोक्यावरून जाते. या सहा मिनिटांकरिता गच्चीवरचा दिवा मालवावा, असा अर्ज ते सोसायटीच्या चिटणिसांकडे आठ दिवस आधी रीतसर दाखल करतात. आणि त्यात स्थानकाच्या आगमनाची व निर्गमनाची वेळ सेकंदापर्यंत इतक्या दक्षतेने नमूद असते, की एकदा चिटणिसांनी 'सदर वाहनास आवारात जागा देता येणार नाही' असा शेरा मारून तो परत केला.

दहा-दहा सेकंदांच्या पंचवीस-तीस प्रतिमा संगणकावर एकीवर एक रचल्या, की जी कलाकृती सिद्ध होते ती पाटीवरल्या खडूच्या रेघेहून फारशी निराळी दिसत नाही. मात्र ही रेघ विमानाची असावी, अशी शंका चुकूनही घेऊ नये. विमानाचे दिवे लुकलुकत असल्याने त्याची रेघ टिंबाटिंबांची उमटते, हे ते आपल्याला चहा थंड होईपर्यंत समजावून देतात.

चंद्रबिंबावरून सरकणारे स्थानक टिपणे, ही या पंथाची पंढरी. तो योग जेमतेम अर्धा सेकंद टिकतो आणि तीन-चार किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातूनच दिसतो. गेल्या माघात तो पट्टा सासवडकडच्या एका शेतातून जात होता. तिपाई, तिच्यावरचे यंत्र आणि नकाशात डोके खुपसलेला इसम पाहून शेतमालकाची खात्री पटली, की सरकारी मोजणी अखेर आली. त्याने चहा पाजला, भावकीने बांध कसा दोन हात सरकवला याची साद्यंत कैफियत मांडली आणि ऐन मुहूर्तावर "सायेब, जुनी खूण हितं हाय," म्हणत यांचा दंड धरून ओढला. कळ दाबली गेली ती क्षणभर उशिरा. त्या रात्री घरी आला तो चंद्र निष्कलंक होता.

या साऱ्या खटाटोपात स्थानक स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवड मात्र त्यांना मिळत नाही, कारण ती सहाही मिनिटे नजर कॅमेऱ्याच्या पडद्यावर जखडलेली असते. भिंगावर दव धरू नये म्हणून हेअर ड्रायर घेऊन उभ्या राहिलेल्या वहिनी तेवढ्या कठड्याला टेकून वर पाहत असतात. परवा निरीक्षणांची वही उघडून 'दर्शन कसे होते' या रकान्यापाशी शेजाऱ्यांची लेखणी अडली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "लिहा, मंगळवारपेक्षा झगझगीत. आणि जाता जाता तांबूस होऊन विझलं."

ते त्यांनी तत्परतेने नोंदवले, आणि शेजारच्या 'निरीक्षक' या रकान्यात स्वतःची झोकदार सही ठोकली.