माननीय बिहाइंड यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय बिहाइंड (किंमत : एक गुण फक्त),
उंच खांब आणि बुटका खांब यांच्यामधली फट,
मेलबर्न क्रिकेट ग्राउंड.

विषय : सप्टेंबर महिन्यातील आपल्या अनियमित हजेरीबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि. मी सेंट किल्डा फुटबॉल क्लबचा समर्थक आहे. तक्रारअर्जात अर्जदाराने आधी आपली पात्रता सांगायची असते म्हणून सांगितलं, सहानुभूती मिळावी म्हणून नव्हे. मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या माणसाला नोकरी आणि घर यांच्या बरोबरीने एक प्रश्न विचारला जातो : तुम्ही कुठल्या टीमचे? इथे नुसत्या क्रिकेटवर भागत नाही. हिवाळा लागला की त्याच हिरवळीवर अठरा विरुद्ध अठरा माणसं लंबगोल चेंडूमागे धावू लागतात आणि अख्खं शहर रंगांमध्ये वाटलं जातं. आम्ही शेजाऱ्यांच्या शब्दावर लाल-पांढरा-काळा मफलर गळ्यात घातला. शेजारी भले गृहस्थ. त्यांनी संघ सांगितला, इतिहास तेवढा सांगितला नाही.

पत्र खुलं असल्याने पुण्या-नागपुरातल्या वाचकांना आपली ओळख करून देणं भाग आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. चेंडू पायाने मारून उंच खांबांच्या मधून घातला की गोल, सहा गुण. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला, किंवा उंच खांबाला आपटला, की आपण. एक गुण. गोलपंच गोलला दोन बोटं आणि दोन झेंडे देतो, आपल्याला एक बोट, एक झेंडा. नेम चुकवल्याबद्दल आपण मिळता. शाळेच्या गॅदरिंगला उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं, तसे. बाकीचे संघ आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सेंट किल्डात मात्र आपला मान कुलदैवताचा आहे, आणि कुलदैवतासारखेच आपण कोपताही.

दफ्तरच बघा ना. १८९७ साली इथल्या फुटबॉलची लीग सुरू झाली तेव्हापासून आमचा संघ ओळीने ४८ सामने हरला. त्यातला एक १८९९ मधला, जीलाँगविरुद्धचा : त्यांचे १६२ गुण, आमचा एक. तो एक म्हणजे आपण. सव्वाशे वर्षं होऊन गेली, त्याहून कमी गुणफलक कुणाला लावता आलेला नाही. मग १९०० साली आमचा पहिला विजय, तोही कसा? मेलबर्न क्लबविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला होता. आमच्या लोकांनी तक्रार केली की तिसऱ्या सत्राची घंटा झाल्यावर त्यांना एक बिहाइंड दिला गेला. लीगने तक्रार मान्य केली, आपल्याला रद्द केलं, आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. म्हणजे आमचं खातं उघडलं ते आपल्याला कोर्टकचेरी करून घालवलं तेव्हा! हा अपमान आपण विसरला नाहीत, असा आमच्यातल्या काही जाणत्यांचा कयास आहे.

तरी २४ सप्टेंबर १९६६ ला आपण मोठ्या मनाने आलात. ग्रँड फायनल, म्हणजे सप्टेंबरातला हंगामाचा शेवटचा सामना, समोर कॉलिंगवूड, शेवटची घटका, दोन्हीकडे गुण सारखे. बॅरी ब्रीनने पाय मारला तो काही देखणा नव्हता. चेंडू डुगडुगत, टप्पे खात गेला आणि आपल्या फटीत शिरला. ७४-७३. गोल दोघांचे दहा-दहाच. आपण त्यांच्याकडे तेरा वेळा गेलात, आमच्याकडे चौदा वेळा आलात. दीडशे वर्षांच्या क्लबच्या कपाटात तेवढा एकच कप आहे. त्या दिवशी आमचा कार्ल डिटरिच बंदीमुळे संघाबाहेर होता. हरलो असतो तर त्याच्या नावाने आजही उसासे टाकले असते. जिंकलो, म्हणून त्या गैरहजेरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

इथे मी मुद्द्यावर येतो. गुरुवारी संध्याकाळी संघ जाहीर होतो आणि आमची मंडळी कामाला लागतात. एरवी शांतपणे पगारपत्रकं तपासणारा माणूस त्या रात्री अस्थिरोगतज्ज्ञ होतो. गुडघ्याचं कुठलं लिगामेंट किती आठवडे घेतं, हॅमस्ट्रिंगचा स्नायू फाटला की स्नायुबंध, घोट्याला सिंडेस्मोसिस नावाचाही एक प्रकार असतो, हे सगळं मी वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी न चढता शिकलो. क्लबच्या पत्रकात ‘थोडं अंग दुखतंय, विश्रांती दिली’ असं आलं की आम्ही एकमेकांकडे पाहतो. ज्याला वगळायचं पण सांगायचं नाही त्याचं अंग दुखतं, हे आम्हाला पाठ आहे. मग उंच फॉरवर्ड दोन घ्यायचे की तीन, पोरसवद्या खेळाडूला आणखी किती शनिवार द्यायचे, आमच्या मॅक्स किंगचा गुडघा यावर रात्रीचे अकरा वाजतात. आणि अकरानंतर, कुठूनही निघालेली चर्चा असो, ती २००९ किंवा २०१० ला जाऊन आदळते. आम्ही या शनिवारचा संघ निवडत नसतोच, महोदय. निकाल लागून गेलेल्या सामन्यासाठी निवडत असतो. निवड समितीला हे कळत नाही. तिचे सदस्य अजूनही जे धडधाकट आहेत त्यांच्यातून माणसं घेतात!

२००९ चंच घ्या. पहिले १९ सामने ओळीने जिंकले होते आम्ही. ग्रँड फायनलला जीलाँग ८०, आम्ही ६८. गोल नऊ आणि आपण चौदा! इतका पाहुणचार कधी मागितला होता? त्यातच टॉम हॉकिन्सने मारलेला चेंडू उंच खांबाला आपटला. कायद्याने तिथे आपली नेमणूक होती. पंचाने दोन बोटं दाखवली आणि आपल्या जागी गोल बसवला, सहा गुणांचा. आपण स्वतः हरकत का घेतली नाहीत? हिशेब मलाही येतो : बारातून पाच वजा केले तरी सात उरतात, हार ती हारच. हा हिशेब आमच्यात मोठ्याने करायचा नसतो. केलाच तर उत्तर मिळतं, “अरे पण सामन्याचा रागरंग बदलला ना!” आणि रागरंगाची वजाबाकी होत नाही. पुढे २०१२ पासून गोल तपासायला व्हिडिओ आला. बैल गेला नि झोपा केला.

१९९७ च्या ग्रँड फायनलबद्दल आपल्याला दोष नाही. ॲडलेडने ३१ गुणांनी हरवलं, शेवटच्या सत्रात डॅरन जार्मनने एकट्याने पाच गोल हाणले, तिथे आपण तरी काय करणार होतात? तो दुखापतींचा खटला. आमचे पीटर एव्हरिट आणि लाझार विडोविच जायबंदी होऊन बाहेर बसले होते, आणि ते असते तर काय झालं असतं हे सांगायला मला कुणीही भेटतं, अगदी ट्रामच्या थांब्यावर. त्याच दिवशी ॲडलेडचेही टोनी मोड्रा आणि मार्क रिच्युटो जायबंदीच होते. ते सांगणारा अजून भेटायचा आहे.

आता २५ सप्टेंबर २०१०. आपल्याला तारीख आठवतच असेल. पुन्हा ग्रँड फायनल, पुन्हा कॉलिंगवूड. शेवटच्या सत्रात ब्रेंडन गॉडर्डने जणू शिडी लावून आकाशातून चेंडू उतरवला, गोल केला, आम्ही पुढे. मग ते एका गुणाने पुढे. शेवटच्या मिनिटांत लेनी हेजचा लांब फटका गोलाच्या तोंडाशी पडला. धावत येत होता स्टीव्हन मिल्न, कारकिर्दीत पाचशेहून अधिक गोल करणारा, आणि समोर मोकळं अंगण. चेंडू त्याच्याकडे उसळायचा तो काटकोनात वळला आणि गेला आपल्या दारात. ६८-६८. ब्रीनच्या बेंगरूळ लाथेने कप दिला आणि हेजच्या चोख लाथेने बरोबरी. हा कुठला न्याय? बरं, त्या दिवशी आमचे गोल दहा, त्यांचे नऊ. आपण आमच्याकडे आठदा आलात आणि त्यांच्याकडे चौदा वेळा. आमच्याकडच्या आठांपैकी एकाला जोडीदार आणता आला नाही?

तेव्हाच्या नियमाने पुढच्या शनिवारी सामना पुन्हा. त्यांचे १०८, आमचे ५२. ५६ गुणांच्या खड्ड्यात आपल्याला शोधायला कोण उतरणार? आता बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवतात. हाही झोपा, बैल गेल्यावरच. कर्णधार निक रीवोल्टचा हॅमस्ट्रिंग त्या हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात हाडापासून सुटला होता. तो परतला, ग्रँड फायनल खेळला. पण पूर्ण बरा होता का? या एका प्रश्नावर आमच्या किमान दहा हिवाळ्यांचे गुरुवार खर्ची पडले आहेत. तेव्हाचे प्रशिक्षक रॉस लायन २०११ नंतर फ्रीमँटलला निघून गेले आणि २०२३ च्या हंगामाला परत आले. म्हणजे आरोपी, साक्षीदार आणि पंचनामा सगळं पुन्हा एकाच घरात, खटला चालू राहायला आणखी काय हवं?

माझा स्वतःचा एक सिद्धांत आहे, जो इथल्या मंडळींना मी समजावून सांगू शकलेलो नाही. पंचांग उघडा. १९६६ चा कप आला तेव्हा गणपती बसलेले होते. १९९७ आणि २०१० चे तिन्ही सामने भर पितृपक्षात. पितृपक्षात आमच्याकडे साधी मिक्सरची खरेदी करत नाहीत आणि हे लोक कप आणायला निघाले! सिद्धांत निर्दोष होता. मग एका मराठी मित्रानेच लक्षात आणून दिलं की २००९ ची ग्रँड फायनल नवरात्रात होती. तो मित्र कॉलिंगवूडचा आहे, आता फारसं येणं-जाणं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या कानावर घालायलाच हवी. २७ जुलै २०२५, मेलबर्नविरुद्ध. शेवटचं सत्र सुरू होताना आम्ही ४६ गुणांनी मागे. पुष्कळ मंडळी गाडी गाठायला उठली होती. लीगच्या इतिहासात शेवटच्या सत्रात एवढी पिछाडी कुणी भरून काढली नव्हती. आम्ही भरली. नसाया वांगानीन-मिलेराने गोल करून बरोबरी साधली आणि लगेच पुन्हा चेंडू झेलला, तोवर भोंगा झाला. एक लाथ शिल्लक. गुण समान. त्या क्षणी आम्हाला हवे होतात ते फक्त आपण. कुठल्याही बाजूच्या फटीतून, खांबाला आपटून, कसेही. आमच्या ओळीतल्या एका आजींनी चक्क हात जोडले होते, आपल्यालाच. पोराने सरळ उंच खांबांच्या मधून घातला. सहा गुणांनी जिंकलो. आपल्याला बोलावलंच नाही.

मग मी निम्मा शहारलो आणि निम्मा धास्तावलो. कुलदैवताला डावलून घरात शुभकार्य झालं की दुसऱ्या दिवशी आमच्या आईचा चेहरा जसा व्हायचा, तसं वाटत होतं. तरी त्या पोराचं वय लक्षात घेऊन, आणि तो जुलै होता सप्टेंबर नव्हे हे पाहून, आपण राग धरू नये ही विनंती. पुढेमागे आम्ही ग्रँड फायनलला पोचलो तर जास्त मागणं नाही. त्यांच्यापेक्षा एकदा जास्त या.

कळावे,

आपला त्रस्त,
एक समर्थक,
सेंट किल्डा

प्रत माहितीसाठी :
संबंधित उंच खांब, सन २००९.
श्री. रीवोल्ट यांचा हॅमस्ट्रिंग.
निवड समिती, मुराबिन (कार्यवाहीची अपेक्षा नाही, मात्र येत्या गुरुवारी उंच फॉरवर्ड तीन घ्यावेत).