रामानुजनचा वकील

कुंभकोणमात नापास होणं इतर गावांइतकं सोपं नाही. आमच्या पुण्याच्या वाड्यात पोरगं नापास झालं, की शेजारच्या बंडूचं उदाहरण तोंडावर फेकत. पण बंडूचं पुढं काय झालं ते आपण रोज जिन्यात बघत असल्यामुळे दोन-चार वर्षांत त्या उदाहरणाची धार बोथट होई. कुंभकोणमात शेजारचा बंडू म्हणजे श्रीनिवास रामानुजन. तो १९२० साली वारला. आता त्याची धार बोथट व्हायची सोय उरलेली नाही.

गाव तसं देवळांचं, तळ्यांचं, विड्याच्या पानांचं आणि पितळी भांड्यांचं. बारा वर्षांनी एकदा महामहम तळ्यात अख्खा दक्षिण देश बुडी मारायला येतो. शाळकरी पोराच्या लेखी मात्र ते सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या एका कौलारू घराचं गाव आहे. बेरीज चुकली की सार (तिकडे सरांना सार म्हणतात) खडू खाली ठेवतात आणि फक्त त्या घराच्या दिशेनं बघतात. मारत नाहीत. मारलं असतं तर बरं, असं पोरांचं मत आहे.

या जाचातून तिथं माणसांची एक जात तयार झाली. मी तिला ‘रामानुजनचा वकील’ म्हणतो. प्रत्येक वर्गात निदान एक सापडतो. पहिल्या बाकावर नसतो, कारण तिथल्यांना वकील लागत नाही. शेवटच्याही नसतो, कारण तिथल्यांनी गुन्हा केव्हाच कबूल केलेला असतो. हा मधला. डोक्याला चापून खोबरेल, खिशाला शाईचा कायमचा डाग, दप्तरात दहीभाताचा डबा. तमिळनाडूत उत्तीर्ण व्हायला ३५ गुण पुरतात आणि शंभरपैकी शंभराला ‘सेंटम’ म्हणतात. ह्याचा मुक्काम पस्तिशीच्या जरा वर असतो आणि त्याच्या आईचा जीव सेंटममध्ये अडकलेला असतो. मधल्या साठ-पासष्ट गुणांचं स्पष्टीकरण देणं हा वकिलीचा मूळ धंदा.

मला हा प्राणी जवळून बघायला मिळाला तो बँकेनं तीन वर्षांसाठी तिकडे पाठवलं म्हणून. घरमालक तंजावरी मराठी. तंजावरचं मराठी राज्य १८५५ साली खालसा झालं, मराठी तेवढी स्वयंपाकघरात लपून वाचली. राव म्हणायच्या ऐवजी शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणत. त्यांचा दहावीतला मुलगा मला मामा म्हणे. हा शब्द तमिळ आणि मराठी दोन्हींत चालत असल्यामुळे आमचं नातं पहिल्याच दिवशी वादातीत ठरलं. त्याची मराठी तमिळच्या चालीवर चालते. जशीच्या तशी लिहिली तर मुद्रितशोधकाला रजेवर जावं लागेल, म्हणून इथं ती मी पुण्याच्या इस्त्रीखालून काढून देतो आहे.

वकिलीचा उगम रँक कार्डात आहे. प्रगतिपुस्तकाला तिकडे रँक कार्ड म्हणतात. सरकारनं २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षांची गुणवत्तायादी जाहीर करणं बंद केलं, पण घराघरांतल्या याद्यांना तो आदेश लागू नसावा. हा सहावीत असताना एका रात्री सहीसाठी कार्ड पुढं केल्यावर अम्मा म्हणाली, ‘‘ह्याच गावात रामानुजन शिकला, आणि ह्याच गावात तूही शिकतोस.’’ दुसरं पोर रडलं असतं. हा दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेला आणि रामानुजनचं चरित्र घेऊन आला. फिर्यादी पक्षाचा मुख्य साक्षीदार उलटतपासणीसाठी मिळाला, तर कोणता वकील सोडेल?

तिथं त्याला घबाड सापडलं. रामानुजन नापास झाला होता! एकदा नव्हे, लागोपाठ. १९०४ साली टाऊन हायस्कूलमध्ये गणिताचं रंगनाथराव पारितोषिक घेऊन, शिष्यवृत्ती मिळवून तो कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजात गेला आणि गणित सोडून कशाकडेच बघेना. इंग्रजी निबंधात आपटला, शिष्यवृत्ती गेली. फी सत्रामागे ३२ रुपये. बाप कापडाच्या दुकानात गुमास्ता. पोरगा घर सोडून विशाखापट्टणमला पळाला. मग मद्रासचं पच्चैयप्पा कॉलेज, तिथं एफ.ए. (फर्स्ट आर्ट्स) परीक्षेत नापास, पुढच्या वर्षी पुन्हा नापास. शरीरशास्त्राच्या एका पेपरात तर पचनसंस्थेबद्दल लिहायचं सोडून, ‘हा धडा मला पचलेला नाही’ अशा अर्थाचं काहीतरी खरडून तो उठला, असं सांगतात. हा शेवटचा किस्सा वकीलसाहेब जेवताना सांगतात, आणि तेही सांबाराची दुसरी वाटी पुढ्यात आल्यावर.

‘‘ह्या कॉलेजला काय म्हणायचे, माहीत आहे मामा? दक्षिणेचं केंब्रिज. दक्षिणेच्या केंब्रिजनं काढून टाकलं, खऱ्या केंब्रिजनं बोलावून नेलं.’’ हे वाक्य त्याच्या युक्तिवादाचं कळस-वाक्य. एवढं बोलून तो न्यायाधीशाकडे, म्हणजे अम्माकडे, बघत नाही, खिडकीबाहेर बघतो. हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

मी एकदा त्याला धरलं. म्हटलं, ‘‘अरे, रामानुजन गणित सोडून बाकी सगळ्यात नापास झाला. तू बाकी सगळ्यात पास होऊन गणितात लोंबकळतोस.’’ तो क्षणभर थांबला. म्हणाला, ‘‘ते तपशिलाचं झालं, मामा. मुद्दा तत्त्वाचा आहे.’’

फिर्यादी पक्षाकडेही पुरावे आहेत. सार म्हणतात, टाऊन हायस्कूलमध्ये बाराशे मुलं आणि पस्तीसेक शिक्षक होते, त्या सगळ्यांची जुळणी करून वेळापत्रक बसवायचं काम वरिष्ठ गणितशिक्षकांनी ह्या पोरावर टाकलं होतं. वकील उठून उत्तर देतो : वेळापत्रक तयार केलं, मान्य. त्यानं ते पाळल्याचा पुरावा कुठं आहे? स्वतः वकीलसाहेबही परीक्षेआधी वेळापत्रक करतात. दोन संध्याकाळी लागतात, पाच रंगांचे स्केचपेन लागतात, आणि भिंतीवर ते इतकं देखणं दिसतं की तिसऱ्या संध्याकाळी अभ्यासाला बसून त्याच्याकडे पाठ करणं जिवावर येतं.

त्यातल्या त्यात त्याचा लाडका पुरावा १८९७ सालचा. प्राथमिकच्या परीक्षेत रामानुजनला अंकगणितात ४५ पैकी ४२ मिळाले आणि त्याच्या जिवलग मित्राला ४३. हा इतका चिडला की त्या मित्राशी बोलेना. ‘‘म्हणजे गणितात तोसुद्धा वर्गात पहिला नव्हता!’’ त्या परीक्षेत एकंदरीत तो जिल्ह्यात पहिला होता, हे वकील सांगत नाही. विरोधी पक्षाची कागदपत्रं आपण का वाचून दाखवावीत?

घरात अडचण एकच. अम्मा रामानुजनचं नाव काढते तर अप्पा सर टी. माधवरावांचं. माधवराव १८२८ साली कुंभकोणमात जन्मले, जातिवंत तंजावरी मराठी, आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. वकिलानं त्यांचंही चरित्र चाळून पाहिलं. ‘‘तो माणूस कुठं नापास झाल्याचं सापडत नाही,’’ असं तो खिन्नपणे म्हणाला. अप्पांच्या खटल्यात त्यामुळे तो गैरहजर राहणं पसंत करतो.

पहिल्या रविवारी तो मला रामानुजनचं घर दाखवायला घेऊन गेला. आता तिथं शास्त्र विद्यापीठानं जपलेलं स्मारक आहे. घर कसलं, अरुंद बोळच : पुढं ओसरी, आत खोली, मागं स्वयंपाकघर. तिकडे ओसरीला तिण्णै म्हणतात. तिच्यावर बसून रामानुजन पाटीवर गणितं करायचा. कागद परवडत नव्हता, आणि फडकं शोधण्यात वेळ जातो म्हणून कोपरानं पुसायचा. बाकीचे पाहुणे पुतळ्यापुढं हात जोडत होते. आमचे वकील खिडकीजवळच्या खाटेपाशी उभे राहून पाहुण्यांना नापाशीचा भाग समजावत होते. कुणीतरी कोइमतूरहून गुटगुटीत मुलाला घेऊन आलं होतं. त्या मुलाचा चेहरा हळूहळू उजळत गेला आणि त्याच्या वडिलांचा हळूहळू पडत गेला. बाहेर पडताना त्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘‘हा इथला अधिकृत गाईड आहे का?’’

शाळेतही त्याचा हा व्यासंग मान्य झालेला होता, फक्त गैरसोयीच्या जागी. २२ डिसेंबर हा रामानुजनचा जन्मदिवस, २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिवस. ऐन अर्धवार्षिक परीक्षेच्या दिवसांत तो येतो, म्हणून शाळेनं नाटुकलं परीक्षेआधीच उरकायचं ठरवलं. संहिता लिहायला वकिलाइतका जाणकार दुसरा कोण? त्यानं आठ प्रवेश लिहिले. त्यांतले सहा नापास होण्याचे. सारांनी सहाही कापले. उरले दोन : पारितोषिकाचा आणि टॅक्सीच्या नंबराचा. रामानुजनचं काम अर्थात सेंटमवाल्या मुलीला मिळालं. ह्याला केंब्रिजचा गणिती हार्डी केलं, कारण हा उंच होता आणि अप्पांच्या लग्नातला कोट घरात होता. तोंडाला पावडर फासून हा रंगमंचावर आला, १७२९ हा टॅक्सीचा नंबर अगदी नीरस आहे असं म्हणाला, आणि रामानुजननं तो दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडून दाखवल्यावर, संहितेत नसताना, प्रेक्षकांकडे वळून बोलला, ‘‘आणि ह्याला इंग्रजीत नापास केलं होतं!’’ टाळ्या त्यालाच पडल्या. सारांनी पडदा पाडला.

मला त्याचं नवल वाटायचं ते वेगळ्याच कारणानं. ह्या पोरानं रामानुजनवर जेवढं वाचलं होतं, तेवढं त्या शाळेत कुणी कशावर वाचलं नसेल. कार नावाच्या ग्रंथकाराचं पाचेक हजार सूत्रांचं रूक्ष पुस्तक रामानुजनच्या हाती १९०३ साली पडलं आणि तिथून सगळं बिघडलं, किंवा जमलं, हे त्याला ठाऊक. आणि इतिहासात गुण? अडतीस. पाठ्यपुस्तकात हे विचारलेलं नाही.

वकिलाची दुसरी शाखा हवामानाची. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो आणि शाळांना सुट्टी द्यायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की ह्याच्या चेहऱ्यावर तेज चढतं. मग रात्री दहापर्यंत टीव्हीपुढं बैठक. खालून पट्टी सरकते : नागपट्टिणम सुट्टी, तिरुवारूर सुट्टी, मयिलाडुतुरै सुट्टी. कुंभकोणम तंजावर जिल्ह्यात. तंजावरचं नाव येता येत नाही. मयिलाडुतुरैची हद्द तिथून सायकलच्या टप्प्यात. ‘‘मामा, पाऊस काय जिल्ह्याची पाटी वाचून पडतो?’’ असं तो विचारतो, आणि मला वाटतं, ह्या एका मुद्द्यावर त्याची बाजू न्यायाची आहे.

त्या वर्षीच्या अर्धवार्षिकाआधी अम्मा त्याला कूत्तनूरच्या सरस्वतीला घेऊन गेली. पेनं देवीच्या पायाशी ठेवून आणायची तिकडची रीत आहे. ह्यानं पाच पेनं नेली. परतताना एक बसमध्ये पडलं. ते नेमकं गणिताचं, असं त्यानं त्याच रात्री जाहीर करून ठेवलं. पुढं अडचण नको.

पेपरच्या आदल्या रात्री पाऊस असा लागला की कौलांतून बादल्या भरल्या. पट्टी सरकत होती. नागपट्टिणम. तिरुवारूर. मयिलाडुतुरै. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो. माझ्या बँकेला सुट्टी मिळणार नव्हती, तरीसुद्धा. तंजावर आलं नाही. सकाळी छत्री, गमबूट आणि चार पेनं घेऊन वकीलसाहेब गुडघाभर पाण्यातून कोर्टात गेले.

जानेवारीत पेपर मिळाले. मी कचेरीतून आलो तेव्हा तो तिण्णैवर ताठ बसला होता. पुढं कॉफीचा पितळी डबरा वाफाळत होता, शेजारी रँक कार्ड.

‘‘मामा, गणितात बेचाळीस.’’

‘‘आकडा ओळखीचा वाटतो.’’

‘‘१८९७,’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘बरोबर तेवढेच.’’

‘‘त्याचे पंचेचाळीसपैकी होते,’’ दारातून अम्मा म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनंही ते चरित्र वाचून काढलं होतं, हे आम्हा दोघांना त्याच वेळी कळलं. वकिलानं खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला. पण तो आधीच बाहेर बसलेला होता. अम्मानं डबरा त्याच्यापुढून उचलला आणि माझ्यापुढं ठेवला.

कॉफी उत्तम झाली होती.