टक्केगुरुजी

गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधार, पीकविम्याची पावती, लग्नाचा बायोडाटा, ह्यापलीकडं माझ्या मशीननं काही पाहिलेलं नव्हतं. एका दुपारी गुरुजी आले, मोबाइल पुढं केला आणि म्हणाले, "ह्याचं प्रिंट काढ. समदं." बावीस पानं निघाली. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. एका क्रेडिट कार्डाच्या अटी आणि शर्ती. दोन रुपये पानानं ४४ रुपये झाले. गुरुजींनी माझा क्यूआर स्कॅन केला, मोबाइलवर आकडा टाकला आणि पैसे आल्याचं सांगणारा आमचा डब्बा बोलायच्या आत स्वतःच बोलले, "चव्वेचाळीस पैसे परत येनार."

मग ती पानं घेऊन ते गोकुळेश्वराच्या देवळाकडं गेले. संध्याकाळी मी दुकान बंद करून तिकडून जात होतो, तर हे पायरीवर बसलेले. हातात लाल रिफिल. ज्या शर्ती मोबाइलवर लोक न वाचता 'मान्य' करून मोकळे होतात, त्या गुरुजी पोथीसारख्या अध्यायवार लावत होते. समासात मराठीत टिपणं: 'पेट्रोलवर नाही.' 'घरभाड्यावर नाही.' 'विम्यावर नाही.' एका ठिकाणी नुसतंच 'लबाडी!' आणि त्याखाली दोन रेघा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आम्हाला शेकडेवारी शिकवली. नफा-तोटाही शिकवला, पण त्यात त्यांचा जीव नव्हता, जीव शेकडेवारीत. रिटायर झाल्यावर माणसं माळ घालतात, कुणी ग्रामपंचायतीत शिरतं. गुरुजी कार्डात शिरले. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात तीन कार्डं, त्यांना रबर, वर एसटीच्या जुन्या पासाचं प्लास्टिक. गावानं नाव ठेवलं टक्केगुरुजी. त्यांना ते माहीत आहे, आणि आवडतं असा माझा संशय आहे.

शंभर पानी वहीत त्यांनी तुलनेचा तक्ता मांडलाय. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय, २०१८ चं: वर्षाची फी नाही, अ‍ॅमेझॉनवर प्राइमवाल्याला पाच टक्के, बाकीच्याला तीन. एसबीआयचं कॅशबॅक, २०२२ चं: ऑनलाइन पाच, दुकानात एक, वर्षाचे ९९९, दोन लाख खर्च केले की माफ. प्रत्येकापुढं एक रकाना 'कुठं फसू शकतो' असा. ह्यातली त्यांनी नेमकी कोणती घेतली ते मी सांगणार नाही. पुढं जे झालं त्यात कार्डाचा दोष नव्हता आणि मला उगाच कुणाशी वैर नको. पण तक्ता चांगला आहे. त्याच्या मी आतापर्यंत अकरा कॉप्या विकल्या आहेत.

गुरुजींना विचारा, हे पैसे बँक देते तरी कुठून? ते खुश होतात. "दुकानदाराकडून! तू कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून बँक दीड-दोन टक्के कापते. त्यातला एक तुला देते, तू नाचतो." मग आजोबांची गोष्ट. आजोबा निजामाच्या राज्यातले. इकडं हाली सिक्का, पलीकडं इंग्रजांचा कलदार, सात हालीला सहा कलदार असा हिशेब. सरहद्दीवरचा व्यापारी दोन्हीकडून बट्टा कापायचा आणि रोख देणाऱ्याला वर वटाव द्यायचा. "कॅशबॅक म्हंजे वटावच, लेका. नुसता इंग्रजी शाळेत जाऊन आलेला." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की आता मीच गिऱ्हाइकाला ऐकवतो.

ज्ञान पक्कं, पण गाव चारठाणा. इथं कार्ड चालवायचं कुठं? कृषी केंद्रवाला म्हणतो, कार्ड घासा, दोन टक्के वरचे पडतील. एक मिळवायला दोन द्यायचे, हे गुरुजींना पटेना. त्याच्याशी त्यांनी एवढा वेळ वाद घातला की मागं युरियासाठी उभी असलेली माणसं खाली बसली. २०२२ साली रिझर्व्ह बँकेनं रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली, तेव्हा गुरुजींनी पेढे वाटले. पेढे रोखीनं आणले होते, कारण हलवायाचा क्यूआर बचत खात्याचा होता आणि क्रेडिट कार्ड अशा घरगुती क्यूआरवर चालत नाही, धंद्याचाच लागतो. मग गुरुजी गावभर हिंडले. चहावाला, न्हावी, पंक्चरवाला, सगळ्यांना त्यांनी धंद्याचा क्यूआर काढायला लावला. माझाही त्यांनीच काढून दिला. चहाच्या दहा रुपयांवर त्यांना दहा पैसे मिळतात, आणि त्यासाठी ते दिवसातून चारदा चहा पितात. डॉक्टरांनी दोनच सांगितलेत.

गुरुजींच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, वेगळं. बाजाराच्या दिवशी त्या रोख पैसे कमरेला खोवून जातात. वांग्याचा भाव ऐकला की पहिल्यांदा पाटीकडं पाठ करतात. पाच पावलं गेल्यावर मागून हाक येतेच. वांगी उतरलेल्या भावात, वर कोथिंबिरीची काडी, चार मिरच्या, कढीपत्ता. एकदा मी गुरुजींना म्हटलं, हे किती टक्के झालं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "त्याची नोंद होत न्हाई. इस्टेटमेंट न्हाई." दोघं जिंतूरला जातात ते एसटीनं, दोघांचंही अर्धं तिकीट. शंभरावर पन्नास सुटतात त्याचं गुरुजींना काही नाही. उतरल्यावर एक टक्का कुठं मिळेल ते बघत हिंडतात.

सगळं त्या दोन लाखांनी बिघडवलं. फी ९९९, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १,१७८ रुपये ८२ पैसे. ती वाचवायला वर्षात दोन लाखांचा खर्च दाखवायचा. आता गुरुजींचं घर म्हणजे दोन माणसं, एक म्हैस आणि महिन्याचा किराणा. दोन लाख खर्चायला ते अजून एकदा लग्न करते तरी पुरलं नसतं. तेव्हा त्यांनी तोड काढली. दुसऱ्यांचा खर्च स्वतःच्या कार्डावर ओढायचा.

२०२४ चा ऑगस्ट. भावकीतल्या एकाला फ्रीज हवा होता, १८,०००. दोन जुन्या विद्यार्थ्यांना मोबाइल, १४,००० प्रमाणं. चौघांना बॅटरीचे फवारणी पंप, साडेतीन हजाराला एक. झाले बरोबर ६०,०००. "तुमी कशाला तरास घेता, मपल्या कार्डावर मागवतो. तुमी सवडीनं पैसे द्या," म्हणाले. पाच टक्क्यांनी ३,००० रुपये त्यांचे आणि दोन लाखांकडं मोठी उडी. पार्सलवाला पोरगा आठवडाभर एकाच घरी येत होता. त्याला वाटलं गुरुजींनी दुकान टाकलं.

गुरुजी चुकले फक्त एका शब्दात. सवडीनं. कार्डाची सवड जास्तीत जास्त पन्नासेक दिवसांची, तारखेला बांधलेली. चारठाण्यातली सवड म्हणजे सोयाबीन. सोयाबीन निघणार दसऱ्याच्या आगेमागे, मग मळणी, मग वाळवण, मग भाव बघून विक्री. बिलाची तारीख आली तेव्हा शेंगा हिरव्या होत्या. गुरुजी सात घरी जाऊन आले. सातही ठिकाणी चहा मिळाला.

बिलावर दोन आकडे असतात, एकूण रक्कम आणि किमान रक्कम. किमान पाच टक्के, ३,०००. गुरुजी हरखले, कारण आलेला कॅशबॅकही तेवढाच. "बग, जेवढं दिलं तेवढंच मागून ऱ्हायले. फिट्टमफाट." बावीस पानांत ह्या जागी लाल रेघ होती का, हे मी विचारलं नाही. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी दिवस संपतात, नव्या खरेदीवरचेसुद्धा. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस, आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी. शेकडा साडेतीनचा भाव सावकारही चारचौघांत बोलत नाही, कानात सांगतो.

"गुरुजी, एफडी मोडा," मी म्हटलं. बँकेत त्यांची लाखाची एफडी आहे, सात टक्क्यांची.

"येडा झाला का? मुदतीआधी मोडली तर एक टक्का दंड!"

हाच माणूस दरवर्षी मार्चमध्ये माझ्या दुकानापुढं उभा राहून शेतकऱ्यांना झापतो. एकतीस तारखेच्या आत पीककर्ज नवं-जुनं करून घ्या, वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेत तीन लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं, तारीख चुकवली तर बोंबलत बसाल. त्यांचं ऐकून निदान वीस माणसांचं व्याज वाचलं असेल. त्यात ते सातहीजण आहेत.

आमच्या गावची हेमाडपंती देवळं बघायला बाहेरची माणसं येतात. दगडात खाच पाडून दगड बसवलेला, मधे चुना नाही. गुरुजींनी एका कार्डाची तारीख दुसऱ्याच्या खाचेत बसवत दोन महिने तसंच बांधकाम उभं ठेवलं. चुना शेवटी लागला. व्याज आणि जीएसटी मिळून सात हजारांच्या पुढं.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. बाजारात गाडी नेली की भाव त्याहून कमीच भरायचा. भाव वाढेल म्हणून लोकांनी माल घरात ठेवला, आणि गुरुजींचे पैसे मालाबरोबर घरात राहिले. काहींनी दिले. पंपवाल्यांपैकी एकानं पैशाऐवजी तुरीचं कट्टं आणून टाकलं, तेही तूर निघाल्यावर. काकूंनी ते हातानं उचलून बघितलं, दाणा दाताखाली चावला आणि म्हणाल्या, "हे बरं हाय. हे तरी दिसतं."

मध्यंतरी गुरुजी दुकानात आले. चेहरा असा की नातू झाला असावा. मोबाइलवर स्टेटमेंट होतं. वर्षाचा खर्च दोन लाख सहा हजार, वार्षिक फी माफ. व्याजाची ओळ त्याच्या वरच होती. तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला होता.

"एवढ्या पानाचं प्रिंट काढ. कलर काढ."

मी काढलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, घडी घालून खिशात कार्डांच्या मागं ठेवलं आणि निघाले.

"गुरुजी, दहा रुपये झाले. स्कॅन करता ना?"

ते थांबले. खिशावर हात ठेवला, पण रबर काही सोडलं नाही.

"लिमिट भरलीय रे," म्हणाले. "लिहून ठेव."