संगीत नको, पण निवेदक आवर!

बीबीसीच्या 'रेडिओ थ्री' या वाहिनीवर सकाळी साडेसहाला अभिजात संगीत सुरू होते आणि सहा पस्तीसच्या सुमारास तक्रारी. कार्यक्रमाचे नाव 'ब्रेकफास्ट'. बाख, हायडन, मोत्सार्ट ही मंडळी केव्हाच वारलेली असल्याने त्यांच्याविषयी कोणाचे काही म्हणणे नसते. तावडीत जिवंत सापडतो तो निवेदक.

तो फार बोलतो, हे पहिले कलम. एवढे बोलूनही व्हायोलिन कोणी वाजवले ते सांगत नाही, हे दुसरे. प्रसन्न आवाजात 'सुप्रभात' म्हणाला, तर एवढे हर्षभरित व्हायला काय झाले? तसा नाही म्हणाला, तर रात्री झोप झाली नव्हती का? द्वोराक हे नाव चेक लोकांसारखे उच्चारले की तो शिष्ट, इंग्रजांसारखे उच्चारले की अडाणी. आणि सिंफनीचा एकच भाग वाजवून पुढे सरकला, तर तो थेट दखलपात्र गुन्हा. बडा ख्याल गाळून नुसती द्रुत चीज लावावी तसा हा प्रकार आहे, त्यामुळे निदान या मुद्द्यावर आमचे मत श्रोत्याच्या पारड्यात. अर्थात सकाळी सातला पाऊण तासाची अख्खी सिंफनी लावली असती, तर बातम्या कुठे गडप झाल्या म्हणून हाच गृहस्थ कडाडला असता.

सर्वांत जास्त राग श्रोत्यांचे निरोप वाचून दाखवण्याचा. कोणा बाईंनी कळवलेले असते की, शूबर्ट ऐकता ऐकता मांजराला दूध पाजले. यात संगीताचा संबंध काय, असे हजारो सुसंस्कृत घरांतून विचारले जाते. संबंध काहीच नाही, हे मान्य. पण विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांनी आपल्या कुत्र्याविषयी पाठवलेला निरोप वाचला गेला नव्हता, असा आमचा दाट संशय आहे.

'आमच्या पैशावर हे चालले आहे!' हे या सगळ्यांचे पालुपद. ब्रिटनमध्ये फक्त रेडिओ ऐकण्यासाठी लागणारा परवाना १९७१ सालीच रद्द झाला. घरात टीव्ही नसलेला आणि कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण वा बीबीसीचे चित्र कशावरही न पाहणारा श्रोता या कार्यक्रमासाठी एक पेनीही देत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढायला मात्र खानदानी रसिकता लागते, आणि ती या वर्गाकडे मुबलक आहे.

घराणेही जुने आहे. १९२० च्या दशकात बीबीसीचे निवेदक संध्याकाळी भोजनसमारंभाचा काळा कोट घालून माइकसमोर बसत. ऐकणाऱ्याला कोट दिसत नसे, पण अदब ऐकू येत असे म्हणतात. १९३० सालच्या गुड फ्रायडेला तर निवेदकाने आज बातमी नाही एवढेच सांगितले आणि पियानो लावला. कमी बोलण्याचा हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पुढे १९४६ साली 'थर्ड प्रोग्रॅम' निघाला, तेव्हा हा फक्त विद्वानांसाठी आहे अशी ओरड झाली. १९५७ साली त्याची वेळ कापली, तर निषेधाला टी. एस. एलियट आणि संगीतकार वॉन विल्यम्स उभे राहिले. १९६७ साली त्याचा वारस म्हणून 'रेडिओ थ्री' आले. तेव्हापासून सकाळच्या कार्यक्रमाची नावे बदलत गेली, निवेदक बदलत गेले, आणि प्रत्येक वेळी आधीचा निवेदक बरा होता असे एकमताने ठरले. तो असताना तसे कोणी म्हटले नव्हते, एवढेच.

ताजे उदाहरण घ्या. पेट्रॉक ट्रेलॉनी हे अनेक वर्षे हा ब्रेकफास्ट वाढत होते. २०२५ साली ते संध्याकाळच्या 'इन ट्यून'कडे गेले आणि टॉम मॅकिनी आले, तेही लंडन सोडून मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डहून. माणूस नवा आणि गावही नवे! काल जो घरात उपरा वाटत होता, तो आज बदलीवर गेलेल्या लाडक्या मास्तरांसारखा आठवू लागला. मॅकिनींनी मुळीच खट्टू होऊ नये. तेही जातील, आणि त्या दिवशी थोर ठरतील.

खरा शत्रू आला १९९२ च्या सप्टेंबरात. 'क्लासिक एफएम' ही खासगी वाहिनी हँडेलच्या गजराने सुरू झाली. छोटे तुकडे, गोड बोलणे, मध्ये जाहिराती. ती आपल्याला बिघडवणार, अशी रेडिओ थ्रीच्या श्रोत्यांची तेव्हापासून खात्री आहे. गंमत अशी की, २०२३ साली रेडिओ थ्रीची सूत्रे ज्या सॅम जॅक्सन यांच्याकडे आली, ते क्लासिक एफएममध्येच वाढलेले. २०२४ मध्ये त्यांच्या काळात मन शांत करणाऱ्या संगीताची 'अनवाइंड' ही वेगळी वाहिनीही निघाली. ब्रेकफास्ट ऐकून झाल्यावर तिची गरज भासणारे बरेच असावेत.

पण क्लासिक एफएमचा सर्वोत्तम निवेदक वेगळाच होता. वाहिनी सुरू होण्यापूर्वी चाचणीसाठी नुसती पक्ष्यांची किलबिल सोडली जात होती, आणि ती लोकांना फार आवडली. साहजिक आहे. पक्षी निरोप वाचत नाही आणि द्वोराकच्या वाटेलाही जात नाही.

मग निवेदक हवाच कशाला? हा प्रयोग आपल्याकडे जवळपास झालेला आहे. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी देशाचे कान शुद्ध करायला घेतले. चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार, शास्त्रीय संगीत भरपूर, निवेदन काटेकोर. देशाने काय केले? कान उचलून रेडिओ सिलोनला लावले. तिथे गाण्यांइतकेच काय ऐकले जात होते? अमीन सयानींचे बोलणे! शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली.

लंडनजवळ हॅरोला आमचे एक भाऊजी असतात. वीस वर्षांत इंग्रजांची एकच सवय त्यांनी उचलली, ती म्हणजे ब्रेकफास्टच्या निवेदकावर उखडणे. ताईचे म्हणणे, "बोलू दे त्यांना. तो माणूस सुट्टीवर असला की हे दिवसभर माझ्या पोह्यांत मीठ शोधतात."

तेव्हा बीबीसीच्या साहेबांना हात जोडून विनंती: संगीत हवे तसे निवडा, पण निवेदकाला गप्प करू नका. शक्य असेल तर रोज त्याला दोन वाक्ये जादाच बोलू द्या. हॅरोतले पोहे तुमच्या भरवशावर आहेत.