सावधान म्हणताच

साखर कारखान्याच्या गावात माणसाला दोनच गोष्टी विचारतात: ऊस किती आणि शुगर किती. अंकुशनगरात मी मास्तर, म्हणजे ऊस शून्य. निदान दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भरघोस यावं, असं शरीरानं परस्पर ठरवलं असणार. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहे, रोज चाला." हे मी टपरीवर तिघा मित्रांना सांगितलं आणि तिथंच फसलो. चालायचं ते पळावं, पळायचं ते स्पर्धेत पळावं, आणि स्पर्धा हाफ मॅरेथॉनची असावी, एवढं सगळं हाफ चहा संपायच्या आत ठरलं.

तिघांपैकी एक वजनकाट्यावर. दुसरा शेतकी खात्यात स्लिपबॉय. वय बावन्न, पण हुद्दा बॉयच. तिसरा ट्रॅक्टरवाला, म्हणजे दोन ट्रॉल्या आणि एक बोलेरो. गळीत हंगाम दिवाळीच्या मागंपुढं. पावसाळ्यात गव्हाण थंड, तिघं मोकळे. मोकळा माणूस दुसऱ्याच्या तब्येतीला फार घातक.

सराव जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेनं. आमच्याकडं पळणाऱ्याच्या मागं काहीतरी असावं लागतं: कुत्रं, म्हैस, नाहीतर बँकेची वसुली. माझ्या मागं काहीच दिसेना, म्हणून लोक जास्त काळजीत पडले. "कामून पळायलात, सर? कोण गेलं?" एक आजी तर म्हणाल्या, "दवाखान्यात कुणाला न्यायचंय का? पोराची गाडी घेऊन जा माय." चौथ्या दिवसापासून माझ्या मागं बोलेरो आली, दिवे लावून. मग लोकांचं समाधान झालं. वसुलीच आहे म्हणाले. स्लिपबॉयनं कोऱ्या कागदाच्या स्लिपा फाडून वेळापत्रक केलं. त्यावर अंतराच्या जागी "तोड" आणि तारखेच्या जागी "पाळी" लिहिलेलं. पाळी चुकवली की संध्याकाळी घरी येऊन बायकोसमोर खुलासा मागायचा.

स्पर्धा निवडली साताऱ्याची. 2012 पासून तिथं हिल हाफ मॅरेथॉन होते. येवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आलात तसं उतरायचं. मी म्हटलं, पहिल्यांदाच पळायचं तर सपाटीवर पळू. त्यावर काटेवाल्यानं इतिहास काढला. "आपल्या जिल्ह्यातला पहिला लांब पल्ल्याचा गडी कोण? समर्थ रामदास! 1608 ला आपल्या घनसावंगीतल्या जांबेत जन्मले. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभे केले, भटजी सावधान म्हणाले, की सुटले. एकदम नाशिकजवळ टाकळी! आणि मुक्काम शेवटी कुठं केला? साताऱ्याला, सज्जनगडावर. आपल्या कारखान्याचं नाव काय? समर्थ. मंग?"

याला उत्तर नव्हतं. माझ्या लग्नाला वीस वर्षं झालीत, सावधान ऐकू यायला जरा उशीर झाला, एवढंच म्हणालो.

शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. ट्रॅक्टरवाल्यानं चालत्या गाडीतून हात जोडले. नदीला नाही, अविनाश साबळेला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा फौजी गडी 2020 च्या नोव्हेंबरात दिल्लीत हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पळाला. 61 मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय. "एका नदीचा तर फरक," ट्रॅक्टरवाला म्हणाला. गेवराईत त्यानं मला चहा बिनसाखरेचा सांगितला आणि स्वतः दोन भजी प्लेट घेतल्या, माझ्या वाटच्यासुद्धा. पाथर्डी, नगर, पुणे असं करत, प्रत्येक थांब्यावर मला उपाशी ठेवत आणि स्वतः पोटभर जेवत, मंडळी साताऱ्याला पोचली.

सकाळी भुरभुर पाऊस. छातीवर नंबर लावून हजारोंच्या गर्दीत उभा राहिलो, तेव्हा ऐन हंगामात काट्यासमोर लागलेल्या ट्रॉल्यांची रांग आठवली. शिट्टी झाली. समर्थ मंदिराच्या चौकात काटेवाला उभा. "मास्तर, जांबेची इज्जत!" असं इतक्या मोठ्यानं ओरडला की पुढचे चार सातारकर दचकून वेगात गेले. मी आहे तिथंच राहिलो.

मग घाट. चढाचं वर्णन करायला श्वास उरत नाही, म्हणून करत नाही. एवढंच सांगतो, की घड्याळात एक तास झाला तेव्हा साबळे आठवला. तो एव्हाना पळून, टॉवेल खांद्यावर टाकून बसला असता. मी येवतेश्वराच्या वळणावर एका काकूंच्या मागं होतो, आणि काकू चालत होत्या.

घाट संपता संपता धुक्यात एक आकृती दिसली. लेंगा, डोक्यावर पोत्याची खोळ, पायात चपला, हातात गूळ-शेंगदाणे. आमचा स्लिपबॉय! रस्ता बंद होणार असं कुणीतरी सांगितलं म्हणून गडी रात्री साडेतीनलाच लॉजवरून निघून चालत वर आला होता. गूळ माझ्या तोंडात कोंबला आणि हातात स्लिप दिली: "उशीर. टोळी पुढं गेली." पुढून वळसा घालून मी परत आलो तरी तो तिथंच. म्हणाला, "चल, आता उताराला मीबी येतो."

साखरधंद्यात उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो हिशेब. त्या घाटात माझ्यातून काय निघालं ते काट्यावर घालण्यासारखं नव्हतं. स्लिपबॉय मात्र शेजारी चपला फटफटवत पळत होता, आणि वर गप्पा मारत होता.

या शर्यतीचं अंतर 21 किलोमीटरवर थांबत नाही, 97.5 मीटर आणखी आहे. 1908 च्या लंडन ऑलिम्पिकात मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियमात राजघराण्याच्या आसनांसमोर संपली; तो 42.195 चा आकडा पुढं कायम झाला, आणि त्याचं अर्धं माझ्या बोकांडी. इंग्रज गेले, साडेसत्त्याण्णव मीटर ठेवून गेले. ते मी कसे काढले, हे ट्रॅक्टरवाल्याच्या मोबाइलमध्ये आहे. तो ते कारखान्याच्या गेटवर अजून दाखवतो.

वेळ 2 तास 57 मिनिटं. मला पदक मिळालं. स्लिपबॉयला नंबर नसल्यानं शेवटच्या रेषेआधीच बाजूला काढलं. तो कठड्याबाहेरून वळसा घालून माझ्याआधी पोचला आणि भाकरी सोडून बसला.

परत येताना एक किलो कंदी पेढे घेतले. शहागडच्या पुलावर खोकं रिकामं होतं.

यंदाची नोंदणी स्लिपबॉयनंच केली, चौघांची. मी सेहेचाळीसचा असताना माझं वय त्यानं एकावन्न टाकलंय. म्हणतो, त्या गटात गर्दी कमी असती.